सोनाराचे कान

‘सोनार’ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पेठेतलं दुकान, गुलाबी कागदात गुंडाळलेलं मंगळसूत्र आणि “घडणावळ वेगळी पडेल हं” असं हसतमुखाने सांगणारा मालक. पण मित्रहो, हा लेख त्या सोनाराबद्दल नाही. आपला सोनार पाण्यात राहतो, सोन्याऐवजी आवाजाची पारख करतो आणि घडणावळीच्या बाबतीत पेठेतल्या सोनाराला हार जात नाही! ध्वनीच्या मदतीने दिशा व अंतर शोधणे, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं. पाणबुड्या शोधण्यासाठी लष्कराने वाढवलेलं हे तंत्र जपानमधल्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली मासे शोधण्याच्या यंत्राच्या रूपात बाजारात आणलं. त्यालाच आज सगळे ‘फिश फाइंडर’ म्हणतात.

आता हा विषय आपल्या मासिकात कशाला, असं तुम्ही विचाराल. माझं घर मालवणजवळच्या एका वाडीत आहे आणि मी ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरातला मुलगा इंजिनिअरिंगला गेला की मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळ्याची जबाबदारी त्याच्यावर येते, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नकोच. आमच्याकडे ती समुद्रापर्यंत गेली. काकांना होडीसाठी फिश फाइंडर घ्यायचा होता. दुकानात त्यांनी ‘इमेजिंग’वाला सोनार पाहिला होता आणि त्यात समुद्राचा तळ म्हणे फोटोसारखा दिसत होता. साधं यंत्र आणि हे यंत्र यांच्या किमतीतला फरक जवळजवळ नव्या जाळ्यांच्या एका जोडणीइतका. पैसे सोसायटीच्या कर्जातून येणार. काकांचा प्रश्न एका वाक्याचा होता : “ह्या मशीन घेवचा काय नको, ता सांग. तुका त्यातला कळता.”

हे एक वाक्य चार वर्षांतल्या कुठल्याही ओरलपेक्षा जड होतं. ओरलला चुकलं तर मार्क जातात. इथे हप्ता वर्षानुवर्षं जातो. म्हणून सुट्टीभर कॅटलॉग वाचले, जेट्टीवर ज्यांच्याकडे यंत्रं आहेत त्यांच्यासोबत समुद्रात जाऊन आलो आणि अँटेनाची वही पुन्हा उघडली. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतो. सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनी पान उलटू नये, पुढे समरूप त्रिकोणही येणार आहेत.

आधी थोडी थिअरी

होडीच्या तळाशी एक ट्रान्सड्युसर असतो. त्यात पिझोइलेक्ट्रिक चकती असते. क्युरी बंधूंनी १८८०-८१ मध्ये दाखवून दिलेला हा गुणधर्म आपण फिजिक्सला शिकलो आहोत : स्फटिक दाबला की व्होल्टेज मिळतं, आणि व्होल्टेज दिलं की स्फटिक थरथरतो. म्हणजे एकच चकती तोंड आणि कान दोन्हीचं काम करते. ती एक छोटीशी हाक देते, मग गप्प राहून प्रतिध्वनीची वाट बघते. समुद्राच्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर. तळ ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ०.०४ सेकंद. वेळेवरून खोली, प्रतिध्वनीच्या जोरावरून तळ कठीण की मऊ. खडकाळ तळाची रेघ ठळक उमटते, आणि तळ चांगलाच कठीण असेल तर बरोबर दुप्पट खोलीवर दुसरी फिकट रेघही दिसते. आवाज तळ-पृष्ठभाग-तळ असा दोनदा फिरून आलेला असतो. चिखलावर ही दुसरी रेघ सहसा दिसत नाही.

आमचे जुने तांडेल हेच काम दोरीला शिसं बांधून करायचे. शिशाच्या बुडाला चरबी लावायची, वर ओढल्यावर तिला वाळू चिकटली आहे की चिखल ते बघायचं आणि दोरी हातांनी वाव-वाव मोजायची. विचार तोच, फक्त दोरीच्या जागी आवाज आला.

पडद्यावर जे चित्र सरकताना दिसतं, त्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तो पाण्याचा फोटो नव्हे, तो इतिहास आहे. उजव्या कडेची उभी रेघ म्हणजे ‘आत्ता’, बाकी सगळं ‘मघाशी’. होडी नांगरावर उभी असली तरी चित्र सरकतच राहतं. त्यामुळे होडीखाली एकच मासा आळसावून थांबला तर पडद्यावर लांबच लांब पट्टा दिसतो आणि नवशिक्याला वाटतं, आज मोठं घबाड लागलं!

टॉर्च आणि झेरॉक्स

साध्या फिश फाइंडरचा आवाज शंकूसारखा पसरतो. रात्री लाइट गेल्यावर हॉस्टेलच्या गच्चीवरून खाली टॉर्च मारा, जमिनीवर गोल पडतो, तसाच. शंकूचा कोन २० अंश असेल तर १० वाव, म्हणजे सुमारे १८ मीटर खोलीवर त्या गोलाचा व्यास सव्वासहा मीटर होतो. त्या गोलात मासा आहे हे यंत्र सांगतं. डावीकडे की उजवीकडे, ते सांगत नाही. कारण त्याला फक्त अंतर कळतं. मासा शंकूच्या कडेला असतो तेव्हा तो थोडा लांब असतो, मधोमध आला की जवळ, पलीकडे गेला की पुन्हा लांब. म्हणून पडद्यावर मासा कमानीसारखा दिसतो. ती कमान म्हणजे माशाची पाठ नसून भूमितीची करामत आहे.

इमेजिंग सोनारमध्ये हा टॉर्च बदलतो. शंकूऐवजी पातळ पंखा वापरतात : होडीच्या लांबीच्या दिशेने एक-दोन अंश इतका अरुंद आणि आडवा मात्र चांगला रुंद. प्रत्येक हाकेला समुद्रतळाची एक बारीक पट्टी ‘वाचली’ जाते, होडी पुढे सरकली की पुढची पट्टी, आणि अशा शेकडो पट्ट्या जोडून चित्र तयार होतं. झेरॉक्स मशीनच्या काचेखालून जाणारा तो हिरवट-पांढरा पट्टा आठवा. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलची झेरॉक्स काढताना कागद मधेच हलला तर अक्षरं कशी वाकडी होतात? होडी वळली किंवा लाटेवर डोलली की चित्राचं अगदी तसंच होतं.

पंखा सरळ खाली पाहत असेल तर ‘डाउन इमेजिंग’, दोन्ही बाजूंना पाहत असेल तर ‘साइड इमेजिंग’. समुद्रतळाच्या सर्वेक्षणासाठी जहाजामागे ओढायची साइड स्कॅन यंत्रं त्याआधी कित्येक वर्षं होतीच. छोट्या होडीच्या फिश फाइंडरमध्ये हे तंत्र हमिनबर्ड या अमेरिकन कंपनीने २००५ मध्ये आणलं. त्यापुढची पायरी म्हणजे ‘लाइव्ह’ सोनार, गार्मिनचा लाइव्हस्कोप २०१८ चा. त्यात अनेक छोट्या चकत्यांची रांग असते आणि प्रत्येकीची फेज बदलून आवाजाची दिशा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फिरवतात. अँटेनाच्या पेपरला फेज्ड ॲरेवर टीप लिहून आलेल्यांना आता तरी कळेल की तो ॲरे कुठे जातो. त्यात मासा हलताना प्रत्यक्ष दिसतो. हे इतकं प्रभावी निघालं की अमेरिकेतल्या मेजर लीग फिशिंग या संस्थेने आपल्या मुख्य बास स्पर्धेत २०२५ पासून त्याच्या वापरावर वेळेची मर्यादा घातली.

मग प्रश्न कुठे आहे? जास्त स्पष्ट दिसतं तर तेच घ्यावं! इथेच खरी मेख आहे.

लांबून ढोल, जवळून झांज

गणपतीची मिरवणूक लांबून येत असते तेव्हा आधी काय ऐकू येतं? ढोल. झांजा ऐकू येतात त्या मिरवणूक कोपऱ्यावर आल्यावर. पाण्यातही हाच कायदा, फक्त जास्त कडक. फ्रिक्वेन्सी जितकी मोठी तितका तपशील बारीक, पण तितकाच आवाज लवकर मरतो.

तपशील का बारीक? तरंगलांबीमुळे. ५० किलोहर्ट्झला तरंगलांबी ३ सेंटिमीटर, २०० ला साडेसात मिलिमीटर आणि १२०० ला सव्वा मिलिमीटर. हाताएवढ्या ट्रान्सड्युसरमधून एका अंशाचा पंखा काढायचा असेल तर तरंगलांबी लहानच लागते. म्हणून इमेजिंग यंत्रं ४५५, ८०० किंवा १२०० किलोहर्ट्झला चालतात.

आणि आवाज किती मरतो? तापमान आणि क्षारतेनुसार आकडे बदलतात, पण ढोबळमानाने समुद्रात ५० किलोहर्ट्झला दर किलोमीटरमागे १५ डेसिबल, २०० ला सुमारे ७० आणि १२०० ला ४०० च्या आसपास. आता आपलं नेहमीचं न्यूमेरिकल करू. खोली ४० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८० मीटर. ५० किलोहर्ट्झचं नुकसान १.२ डेसिबल : पाऊण ऊर्जा शिल्लक. २०० चं ५.६ डेसिबल : पाव शिल्लक. १२०० चं ३२ डेसिबल : सुमारे दीड हजारावा हिस्सा! आवाज पसरल्यामुळे होणारी घट यात धरलेलीच नाही. तेच १२०० किलोहर्ट्झ दहा मीटर पाण्यात वापरलं तर नुकसान ८ डेसिबलच, म्हणजे साधारण सहावा हिस्सा उरतो. तेवढ्यात झकास चित्र येतं.

यात आणखी एक छुपा भिडू आहे, पाण्यात विरघळलेलं मॅग्नेशियम सल्फेट. आपण बारावीच्या केमिस्ट्री लॅबमध्ये ज्याला एप्सम सॉल्ट म्हणून ओळखलं तेच. आवाजाच्या दाबाने त्याचे आयन जुळतात-सुटतात आणि त्यात ऊर्जा खर्च होते. गोड्या पाण्यात हा प्रकार नाही, त्यामुळे २०० किलोहर्ट्झचा आवाज गोड्या पाण्यात समुद्राच्या तुलनेत कितीतरी कमी मरतो. कॅटलॉगवर छापलेली कमाल खोली बहुधा अशाच शांत, गोड्या पाण्यातली असते. ही इमेजिंग यंत्रं मुख्यतः अमेरिकेतल्या तळ्यांवर हौसेने मासे पकडणाऱ्यांसाठी वाढली. आपला खारा, उधाणाचा, गाळाने भरलेला किनारा त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. तेव्हा छापील आकड्यावर भिस्त ठेवू नये.

यावर ‘चर्प’ हा एक चांगला उपाय निघाला आहे. एकाच सुरात हाक देण्याऐवजी खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत घसरत जाणारी हाक द्यायची आणि परत आलेला आवाज त्याच नमुन्याशी ताडून बघायचा. रडारमधलं पल्स कॉम्प्रेशन ते हेच. साध्या यंत्रात एक दशांश मिलिसेकंदाची हाक असेल तर साडेसात सेंटिमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. चर्पमध्ये ५० किलोहर्ट्झची बँडविड्थ मिळाली तर ही मर्यादा तत्त्वतः दीड सेंटिमीटरवर येते. तळाला चिकटून असलेला मासा तळापासून वेगळा दिसतो तो यामुळे.

इमेजिंग काय दाखवतं, काय नाही

साइड इमेजिंगची मजा सावल्यांमध्ये आहे. खडपामागे आवाज पोहोचत नाही, तिथे काळी सावली पडते. (आता सिव्हिलवाले पुढे या.) समजा ट्रान्सड्युसर तळापासून १० मीटर वर आहे, सावलीचं टोक यंत्रापासून ४० मीटर अंतरावर आहे आणि सावलीची लांबी ८ मीटर. समरूप त्रिकोणांनी खडपाची उंची : १० गुणिले ८ भागिले ४०, म्हणजे २ मीटर. दहावीची भूमिती समुद्राच्या तळाशी जाऊन कामाला येते, हे बघून मला खरंच आनंद झाला.

खडप, बुडालेली होडी, जुना नांगर, वाळूवरच्या लाटांच्या ओळी हे सगळं त्यात उत्तम दिसतं. मासे मात्र बारीक ठिपके म्हणून दिसतात. तो ठिपका तारलीचा की आणखी कशाचा, हे कोणतंही यंत्र नावानिशी सांगत नाही. पडद्यावर माशाचं चित्र काढून दाखवण्याची जी सोय असते ती बंद ठेवलेलीच बरी, कारण पाण्यातला एखादा बुडबुड्यांचा लोंढाही तिथे मासा होऊन पोहू लागतो. शिवाय बहुतेक हाडाच्या माशांचा प्रतिध्वनी मुख्यतः त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. मोरी आणि वागळी यांना ती पिशवीच नसते. त्यामुळे अंगाने मोठी मोरी पडद्यावर फिकी दिसू शकते आणि छोट्या तारलीचा थवा ढगासारखा भरून येतो.

साइड इमेजिंगसाठी वेगही कमी लागतो. दोन्ही बाजूंना ४० मीटर बघायचं तर एका हाकेला ०.०५ सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ जातो. होडी ताशी ६ किलोमीटरने चालली तर तेवढ्यात ती ९ सेंटिमीटर सरकते. ताशी २५ ने चालली तर ३७ सेंटिमीटर, म्हणजे चित्र आकसतं आणि मधल्या गोष्टी गळून जातात. थोडक्यात, साइड इमेजिंग हवं असेल तर सरळ रेषेत, हळू आणि शांत पाण्यात चालायची तयारी हवी. डिझेल-पेट्रोलचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हय खडप आसा, ह्या माका मशीनीन कित्याक सांगूक व्हया? माका चित्र नको, मासो व्हयो.”

खरं सांगतो, डिझाइनच्या पेपरमध्ये ‘युजर रिक्वायरमेंट’ची यापेक्षा नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही.

एक किनारा, तीन होड्या

म्हणून आता ‘कुठलं यंत्र चांगलं’ हा प्रश्न बाजूला ठेवू आणि ‘कुठल्या होडीला’ असं विचारू.

पहिली होडी काकांची. फायबरची पात, मागे आउटबोर्ड इंजिन, कामाला न्हेमीची गिलनेट. पाणी ५ ते १५ वाव, म्हणजे ९ ते २७ मीटर. घरचं पाणी, खडपं पाठ. यांना हवी ती खोली, तळाचा पोत आणि थव्याची चाहूल. त्यासाठी २०० किलोहर्ट्झच्या आसपास चर्प असलेलं मध्यम यंत्र पुरेसं आहे. त्याच ट्रान्सड्युसरमध्ये डाउन इमेजिंग फुकटात येत असेल तर घ्यावं, थवा आणि खडप यांतला फरक कळायला ते उपयोगी पडतं. साइड इमेजिंगसाठी जादा पैसे मोजण्याचं कारण नाही.

दुसरी होडी माझ्या मावसभावाच्या मित्राची. तो पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेतो. पाणी तीन ते दहा मीटर, वेग कमी, आणि त्याला बघायची असतात ती खडपंच. नांगर कुठे टाकावा, म्हणजे प्रवाळ मोडणार नाही, हे त्याला कळायला हवं. कुणाचं हरवलेलं जाळं तळाशी अडकलं असेल तर तेही शोधून काढता यावं. अशी तुटलेली जाळी वर्षानुवर्षं मासे मारत राहतात, ती बाहेर काढणं हे पुण्याचं काम. याला साइड इमेजिंग म्हणजे अगदी हातात सोन्याचं कडं! जे काकांना नको ते याला हवं.

तिसरी होडी बंदरातला मोठा ट्रॉलर. पाणी ४० ते ६० मीटर किंवा जास्त, इंजिनाचा गोंगाट मोठा. तिथे १२०० किलोहर्ट्झची झांज काय कामाची? तिथे ढोलच हवा : ५० आणि २०० किलोहर्ट्झ दोन्ही असलेलं, जास्त वॉटचं यंत्र आणि तळाला नीट बसवलेला मोठा ट्रान्सड्युसर.

म्हणजे दुकानातलं सगळ्यात महाग यंत्र तिघांपैकी एकालाच योग्य, आणि तो तिघांत सगळ्यात उथळ पाण्यात जाणारा!

तोंड बघू नका, कान बघा

दुकानात गेल्यावर सगळे पडदा बघतात. पण पडदा हे सोनाराचं तोंड. त्याची सगळी अक्कल कानात आहे, म्हणजे ट्रान्सड्युसरमध्ये आणि तो कुठे बसवलाय त्यात. कान वाईट तर पडदा कितीही इंची असो, उपयोग शून्य. कानाबद्दल हे प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : बुडबुडे. आवाजाला पाण्यातली हवा म्हणजे भिंत. ट्रान्सड्युसर पंख्याच्या फेसात किंवा होडीच्या तळावरच्या पट्टीमागे बसला की वेग घेताच चित्र गायब. तो स्वच्छ पाणी वाहतं तिथेच हवा.

दुसरा प्रश्न : होडी कशाची? भरीव फायबरच्या होडीत आतून तळाला चिकटवलेला साधा ट्रान्सड्युसर चालतो, थोडा आवाज वाया जातो इतकंच. लाकडातून किंवा मधे फोम भरलेल्या फायबरमधून चालत नाही. आणि इमेजिंगचा ट्रान्सड्युसर आतून चालतच नाही, तो पाण्यातच उघडा हवा. साइड इमेजिंगला तर दोन्ही बाजूंना इंजिनाचा पायही आड येता कामा नये.

तिसरा प्रश्न कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही, तो आपल्या किनाऱ्याचा आहे : होडी रात्री कुठे असते? आमच्या पाती वाळूवर ओढून ठेवतात. मागच्या फळीखाली बसवलेला ट्रान्सड्युसर अशा ओढाताणीत किती दिवस टिकेल? यावर मला जेट्टीवर फिरताना एक झकास उपाय दिसला. एका आजोबांनी तो स्टीलच्या पाइपला बांधून होडीच्या काठाला बिजागरीवर बसवला होता. समुद्रात गेलं की पाइप खाली, किनाऱ्याला आलं की वर. याला म्हणतात इंजिनिअरिंग, आणि आजोबांची फी शून्य.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो.

वॉटचा आकडा बघताना तो आरएमएस आहे की पीक-टू-पीक ते विचारा. साइन वेव्हचं पीक-टू-पीक व्होल्टेज आरएमएसच्या २√२ पट. वर्ग केला की ८. म्हणून खोक्यावरचे ४००० वॉट हे प्रत्यक्षात ५०० वॉटच असू शकतात. हा खोटेपणा नाही, पण सोयीचं खरं जरूर आहे!

पडद्याचे इंच मोजू नका, उभे पिक्सेल मोजा. २४ मीटर खोली ४८० पिक्सेलमध्ये दाखवायची तर एका पिक्सेलला ५ सेंटिमीटर आले. उन्हात दिसतो का ते दुकानाबाहेर नेऊन बघा, कारण समुद्रात ट्यूबलाइट नसते.

दुकानात दिसणारं सुंदर चित्र बहुधा ‘डेमो मोड’चं असतं, म्हणजे यंत्रात आधीच साठवून ठेवलेलं रेकॉर्डिंग. दुकानात पाणीच नाही तर तळ कुठून दिसणार? लग्नाच्या अल्बमवरून स्वभाव ओळखण्यासारखं आहे ते. ज्याच्याकडे तेच यंत्र आपल्यासारख्या होडीवर आहे, त्याच्यासोबत एकदा जाऊन बघा.

वायरला वेगळा फ्यूज द्या, इंजिनाच्या वायरींपासून ती लांबून न्या, नाहीतर पडद्यावर पावसासारखे ठिपके येतात. ट्रान्सड्युसरची केबल लांब वाटली तर गुंडाळून ठेवा, कापू नका. महिन्यातून एकदा कानावरची शेवाळं पुसून काढा. बसवायचं काम जून-जुलैच्या बंदीत उरकावं, तेव्हा होडी वरच असते आणि घाई नसते.

काकांनी शेवटी मधलं यंत्र घेतलं. उरलेल्या पैशांची जाळी आली. मेनूमध्ये एककं निवडायची सोय होती : फूट, मीटर, फॅदम. फॅदम म्हणजे ६ फूट, म्हणजे आपला वाव. ते एकक लावल्यावर काकांनी पडद्याकडे बघितलं, ‘८’ वाचलं, बाहेर किनाऱ्यावरच्या माडांची आणि टेकडीची खूण जुळवली आणि मान डोलावली. यंत्राने काकांची परीक्षा घेतली की काकांनी यंत्राची, हे तुम्हीच ठरवा.

शेवटचा मुद्दा

मासा दिसणं आणि मासा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हैदराबादची इनकॉइस ही संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासे मिळण्याची शक्यता असलेले पट्टे मच्छीमारांना कळवते. फिश फाइंडर होडीखालचं दाखवतो. वरून उपग्रह, खालून सोनार, मधे बिचारा मासा! आमच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि मोठ्या यांत्रिक नौका यांच्यातला तंटा जुना आहे. राज्य सरकारने पर्ससीन जाळ्यांवर फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले ते याच पार्श्वभूमीवर. यंत्र कोणाची बाजू घेत नाही. पातीवर बसवलं तर फेऱ्या आणि पेट्रोल वाचवतं. मोठ्या जाळ्यासोबत बसवलं तर अख्खा थवा उचलायला मदत करतं, त्यात पिल्लंही आली. कान कितीही तीक्ष्ण असले तरी कुठे थांबायचं हे हातानेच ठरवायचं असतं.

जाता जाता ज्युनिअर मित्रांसाठी एक प्रस्ताव. दरवर्षी आपल्याकडे ‘लाइन फॉलोअर रोबो’ किती होतात ते एचओडी सरांना विचारा (हळू आवाजात). त्याऐवजी कोणीतरी एक छोटं खोलीमापक यंत्र करा. मराठीत बोलणारं, खोली वावात सांगणारं, उन्हात न बघताही कळेल असं. हातात जाळं असलेल्या माणसाला पडदा बघायला सवड नसते. चकती मिळते, मायक्रोकंट्रोलर आपल्या लॅबमध्ये आहे, आणि चाचणीसाठी होडी मी मिळवून देतो. लाइफ जॅकेट आणि उलटीच्या गोळ्या मात्र ज्याच्या त्याने आणाव्यात.

— अंतिम वर्ष, ई अँड टीसी